फोटोपुरता चुडा

दोघी बायका सोनाबाईच्या हाताला खोबरेल तेल चोळून तिचा चुडा ओढून काढत होत्या. भर दुपारी, तांड्याच्या मधोमध, लिंबाखाली. तिचा नवरा जिवंत होता. तो तिथंच हौदावर बैलाला पाणी दाखवत उभा होता आणि खाली बघत होता. तो चुडा माझ्या हातात चढवायचा होता. माझा नवरा मरून बरीच वर्षं झाली होती.

"फोटोपुरता तर हाय," मालकीणबाई म्हणाल्या. "अमेरिकेत कोण बघायलंय, तुझा नवरा हाय का मेला?"

दोघी-तिघी बायका हसल्या. हसल्या म्हणजे दात दाखवले. मालकीणबाई विनोद करतात तेव्हा दात दाखवावे लागतात.

आम्ही बंजारा. डोंगरकड्याजवळ आमचा तांडा. सोनाबाई माझी धाकटी जाऊ. आमच्यात लग्नात चढवलेला चुडा मनगटापासून दंडापर्यंत असतो, आणि नवरा असेपर्यंत तो उतरत नाही. नवरा गेला की जाणत्या बायका बसून तो उतरवतात, केसांत कानशिलांवर लोंबणारी चांदीची घुगरी काढून घेतात. एकदा उतरलेलं पुन्हा चढत नाही. ही रीत बरी की वाईट, यावर मी तांड्यातल्या पोरींशी भांडलेही आहे. पण ते भांडण आमचं आमच्यात. तेलाची बाटली घेऊन मालकीणबाईंनी त्यात यायचं कारण नव्हतं.

चुडा निघाला. सोनाबाईच्या दंडाची चुड्याखालची कातडी पांढरीफटक दिसली. लग्नापासून तिनं ऊन बघितलं नव्हतं. सोनाबाईनं पटकन ओढणी दंडावर ओढली. उघडी पडल्यासारखी.

हे सगळं कशासाठी, तर मालकांच्या गौरीताईला अमेरिकेतल्या कॉलेजात जायचं होतं म्हणून.

मालक म्हणजे गावातले मोठे शेतकरी. केळी, हळद, आणि वर स्वतःचं एक ज्युनिअर कॉलेज. मी त्यांच्याकडं कामाला होते. हंगामात हळद, एरवी अंगण, गोठा, पडेल ते. गौरीताई पुण्यात शिकत होती. आमचा हिंगोली जिल्हा तेव्हा नुकताच परभणीतून वेगळा झाला होता. त्या दिवाळीच्या सुट्टीत ती जाडजाड पुस्तकं घेऊन आली. अमेरिकेतल्या विद्यापीठांची. गुळगुळीत कागद. हिरवळ. लाल विटांच्या इमारती. झाडाखाली पोरं-पोरी मांडीवर पुस्तक घेऊन लोळताहेत.

रोज संध्याकाळी ओसरीवर बैठक बसायची. मधे पुस्तकं, बाजूला चहा. मी खाली अंगणात कापसातली कवडी, म्हणजे किडका कापूस, निवडत बसलेली.

"इथं बर्फ लई पडतो म्हणं. हे नको," मालकीणबाई म्हणायच्या.

"हे गाव लहान हाय. नाव सांगितलं तर कुणाला कळणार न्हाई. नको," मालक म्हणायचे.

"इथले प्रोफेसर बरे नाहीत, पप्पा. हे काढा," गौरीताई म्हणायची.

"आन हे?" मालक विचारायचे.

"तिथं आपल्यातलं कुणीच न्हाई. नको," मालकीणबाई म्हणायच्या.

नको. नको. नको. पेन्सिलीनं फुली मारायची आणि पान उलटायचं.

त्या अंगणात बसून मी हे ऐकत होते. लोक असं काही आठवलं की लिहितात, मला वाईट वाटलं, मन भरून आलं. माझं काही भरून आलं नाही. मी जळले. अमेरिकेवर नाही. अमेरिकेचं मला काय? चौथीच्या पुस्तकात नकाशा होता, त्यात ती डाव्या बाजूला होती, एवढी ओळख. मी जळले त्या 'नको'वर. जगातली एवढी मोठी मोठी कॉलेजं यांच्या ओसरीवर रांग लावून उभी, आणि ही माणसं चहा पिता पिता त्यांना हाकलून राहिली होती.

माझ्या जमुनाला शाळा निवडायची वेळ आली तेव्हा एकच होती. कॉलेज कोणतं, तर सकाळची एसटी जाते ते. विषय कोणता, तर ज्यात जागा उरली तो. उरली होती रसायनशास्त्रात. पोरीनं तेच घेतलं आणि त्यातच पहिली आली. तिचा बाप उसाच्या ट्रकवरून पडून गेला तेव्हा ती पाचवीत होती. नंतर मी पोरीला घेऊन ऊसतोडीला गेले नाही. गावातच पडेल ते काम केलं, कारण तिची शाळा तुटू द्यायची नव्हती. एवढीच माझ्या हातची निवड. तीही मला करावी लागली, कोणी ओसरीवर बसून विचारली नाही.

जमुना हिंगोलीला होस्टेलवर राहून शेवटच्या वर्षाला होती. रविवारी घरी आली तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं. मालकीणबाईंची नक्कल करून सांगितलं. ती हसली नाही.

"याडी," ती म्हणाली. आमच्यात आईला याडी म्हणतात. "अर्ज करायला तिला कुणी परवानगी दिली?"

"परवानगी कशाची? ज्याला करायचा त्यानं करावा. पुस्तकातच लिहिलंय म्हणं."

"मग मी केला तर?"

कोणी आपल्याला अडवलेलं नाही, हे तोवर डोक्यातच आलं नव्हतं. ते आलं तेव्हा मी आणखी जळले.

जमुना गौरीताईकडं गेली. चौथीपर्यंत दोघी एका वर्गात होत्या. गौरीताईनं तिला ओसरीवर बसवलं, चहा दिला, म्हणाली, "अगं, तुझी तर स्टोरी किती भारी आहे! तांडा, ऊसतोड, वडील गेले... त्यांना असंच हवं असतं. तू मला सगळं सांग. माझा अर्ज झाला की तुझा मी भरून देते."

जमुनानं सगळं सांगितलं. बापाचं, माझं, चिमणीच्या उजेडातल्या अभ्यासाचं. गौरीताई लिहून घेत होती.

आणि मला हाव सुटली. पोरीचं भलं व्हावं हे होतंच, पण त्याच्यावरही एक गोष्ट होती. मालकीणबाई तेव्हा आल्यागेल्याला सांगायच्या, "काय करावं बाई, लेक परदेशी चालली. घर खायला उठतंय." आणि पदरानं डोळे टिपायच्या. टिपताना तोंडावर असा उजेड असायचा की बघवत नसे. मला तसं रडायचं होतं. एसटी स्टँडवर, सगळ्यांच्या देखत, तसंच पदरानं. माझी लेक इतक्या लांब चालली की मला रडायचा हक्क मिळाला, असं. बाईला दुसऱ्या बाईच्या रडण्याचाही हेवा वाटतो. मला वाटला.

मग गौरीताईचं घोडं एका जागी अडलं. तिकडच्या कॉलेजला नुसते मार्क चालत नाहीत. समाजासाठी काय केलं ते विचारतात, म्हणे. तिनं काहीच केलं नव्हतं. करायचं कारणही पडलं नव्हतं. मग ठरलं, तांड्यातल्या बायकांना ती अक्षरं शिकवते. एक दिवस. फोटो निघेपर्यंत.

तो दिवस रविवारचा. पाट्या आल्या, खडू आले, कळमनुरीहून फोटोवाला आला. लिंबाखाली आम्हा बायकांना ओळीनं बसवलं. माझ्या हातात पाटी दिली. पाटीवर मोठा 'अ' काढलेला, तो मी गिरवायचा.

मी म्हणाले, "ताई, मी चौथी पास हाय."

"हो मावशी, माहीत आहे," गौरीताई हळूच म्हणाली. "पण आज ते राहू द्या ना. प्लीज."

राहू दिलं. डोक्यात जमुनाचा अर्ज होता. चार वर्षं शाळेत गेले होते, माझ्या बापानं तांड्याची बोलणी खाऊन पाठवली होती. ती चार वर्षं मी त्या दुपारी गिळली.

फोटोवाल्यानं कॅमेऱ्यातून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "मॅडम, ये लोग बंजारा लगतेच नहीं. साड़ी में तो कोई भी मजदूर लगता है."

खरं होतं. तोवर आमच्या तांड्यात पोशाख घालणाऱ्या बायका बोटावर मोजण्याएवढ्याच उरल्या होत्या. आरशांची चोळी म्हणजे काचोळी, घेराचा घागरा म्हणजे फेटिया, चुडा, घुगरी. बाकी सगळ्या साडीत. सोनाबाई पोशाखात होती. मग तिचाच फोटो काढायचा की नाही?

"सोनी नको," मालकीणबाई म्हणाल्या. "गुटगुटीत हाय ती. फोटोत सुखी दिसती." मग माझी हनुवटी दोन बोटांनी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. बाजारात शेळीचे दात बघतात तसं. "हिचं तोंड बरं हाय. सुरकुत्या चांगल्या येत्यात. सोनीचं सगळं काढून हिला घाला."

सोनाबाई म्हणाली, "बाई, माझा नवरा हाय अजून. चुडा कसा काढू?"

"परत घाल की लगेच. जळून चाललाय का?"

आणि तेलाची बाटली आली. पुढचं सांगितलंच.

सोनाबाईनं काढू दिला, कारण तिचा नवरा मालकांच्या बैलांवर होता. मी हात पुढं केला, कारण जमुनाचा अर्ज गौरीताईच्या हातात होता. नवरा असलेल्या बाईला रांडमुंड करायचं आणि रांडमुंड बाईला नवरी. दोघींना एकाच दुपारी. हे करायला मालकीणबाईंना रागही यावा लागला नाही. त्या भजी काढल्यासारखं करत होत्या.

जमुना बाजूला उभी होती. तिला कळत होतं मी का बसलेय. तिचं तोंड काळंठिक्कर पडलं होतं. तिनं गौरीताईला विचारलं, "माझा अर्ज कवा पाठवायचा, गौरीताई? तारीख जवळ आली."

गौरीताई फोटोवाल्याला काही सांगत होती. तिनं मान वळवली. "अगं, मी तेच बोलणार होते. तू यंदा थांब."

"काहून?"

"माझ्या निबंधात तू आहेस ना. तांड्यातली पहिली मुलगी, मी तिला शिकवलं, तिनं बीएस्सीपर्यंत मजल मारली, असं आलंय. आता त्याच गावातून तीच गोष्ट घेऊन तुझाही अर्ज गेला तर त्यांचा गोंधळ होईल. त्यांना वाटेल, यातलं खरं कुणाचं?"

"तुमी मला शिकवलं?"

"निबंधात गं."

तिच्या आवाजात लाजही नव्हती, दुष्टपणाही नव्हता. खिडकीची जागा आधी मी बसते, येताना तू बस, असं सांगावं तसं.

मालकीणबाई म्हणाल्या, "एवढी घाई काय हाय? तिचं काय लगीन मोडून राहिलंय का? आधी हिचं होऊ द्या. पुढच्या साली बघू. आन तिला तिथं जाऊन करायचं तरी काय?"

माझ्या हातात तोवर पहिली बांगडी घातली होती. ती बोटांच्या पेरांवर अडकली होती. कामानं पेरं मोठी झालेली. एक बाई तेल लावून ती पुढं ढकलत होती. मी तिचा हात बाजूला केला आणि बांगडी उपसून काढली. कातडी सोलली. सोलू दिली.

मी उठले, सोनाबाईपुढं बसले आणि बांगडी तिच्यापुढं धरली. मग थांबले. माझ्यासारखीनं, नवरा मेलेल्या बाईनं, दुसरीचा चुडा चढवायचा नसतो. अपशकुन. ज्या दुसऱ्या बायका होत्या त्या मालकीणबाईंकडं बघत बसल्या होत्या. कोणी पुढं येईना.

सोनाबाईनं ओढणी मागं सारली. तो पांढरा दंड उघडा केला.

"तूच चढव," ती म्हणाली.

"लोक काय म्हणतील?"

"लोकांनी उतरवताना काय म्हणलं? चढव."

मी चढवला. एक एक बांगडी, दंडापर्यंत. तिचा नवरा आता वर बघत होता. तो पुढं बरीच वर्षं ठणठणीत राहिला, एवढं सांगून ठेवते.

मग मी मालकीणबाईंना म्हणाले, "फोटो न्हाई. माझ्या तोंडाचा न्हाई, कुणाचाच न्हाई. पाट्या घेऊन जावा."

"डोकं फिरलं का? मग जमुनाच्या अर्जाचं इसर."

"इसरले."

"आन कामाचंबी."

"तेबी इसरले."

फोटोवाला म्हणाला, "मॅडम, लाइट जा रहा है." त्याचं बरोबर होतं. ऊन उतरायला लागलं होतं.

बायका एकेक करून उठल्या. कोणी घोषणा दिल्या नाहीत. पाण्याची वेळ झाली म्हणून उठल्या असंही कोणी म्हणेल. पण उठल्या.

गौरीताईचं काही अडलं नाही. शिरड शहापूरकडं त्यांचे पाहुणे होते, तिकडं दुसऱ्या बायका मिळाल्या, दुसऱ्या सुरकुत्या. पुढच्या पावसाळ्यात ती अमेरिकेला गेली. गावात पेढे वाटले, तांड्यावरही आले. माझ्या वाटणीचा पेढा मी खाल्ला. चांगला होता. मी थुंकून टाकला असं सांगितलं असतं तर ऐकायला बरं वाटलं असतं.

माझी जळजळ मात्र गेली नाही. नकार दिला की माणूस मोठा होतो, शांत होतो, असं काही नसतं. मी दुसऱ्याच्या शेतात निंदायला जायचे आणि मालकांच्या घरावरून जाताना मान वळायचीच. ओसरीवर गौरीताईचा फोटो लागला, बर्फात उभी, लाल टोपी घालून. बर्फ पडतो म्हणून जे नको होतं तेच शेवटी मिळालं होतं वाटतं. तेवढ्यानंही मला एक दिवस बरं वाटलं. एकच दिवस.

जमुनाला पदवीनंतर हिंगोलीतच एका कॉलेजात प्रयोगशाळेत काम मिळालं. कायम नव्हे, तासावर. मी तिला म्हणाले, "अर्ज कर."

"आता काहून, याडी?"

"तिनं सांगितलं होतं थांब म्हणून. थांबलीस. झालं."

अर्ज करायला ती नेट कॅफेत जायची. अर्ध्यात आली की लाईट जायची, पहिल्यापासून सुरू. प्रोफेसराचं शिफारसपत्र लागत होतं. तिच्या सरांनी असलं पत्र जन्मात लिहिलं नव्हतं. त्यांनी चारित्र्याचा दाखला दिला. सदर विद्यार्थिनी सुस्वभावी असून तिचे वर्तन चांगले आहे. खाली सही, गोल शिक्का.

जमुना म्हणाली, "सर, असं चालत न्हाई. माझ्या कामाबद्दल लिहावं लागतं."

"अगं, शिक्का मारलाय. आणखी काय पायजे अमेरिकेला?"

ते सांगताना ती हसून हसून लोळली. मीही हसले. मग हसता हसता मला गौरीताईचे पुण्याचे प्रोफेसर आठवले, ज्यांना हे सगळं कुणी न सांगताच जमत असणार. हसू तिथंच बसलं.

आणि मग एका रविवारी जमुना माझ्यापुढं वही घेऊन बसली.

"याडी, बापू गेले त्या दिवशीचं सांग. सगळं. ट्रक कुठं होता, तू कशी रडलीस, घरात काय होतं, काय नव्हतं."

"काहून?"

"निबंधाला. त्यांना असंच लागतं."

लिंबाखाली मला जेवढा राग आला नव्हता तेवढा तेव्हा आला. त्या दिवशी परक्या बाईनं हनुवटी धरली होती. आज पोटच्या पोरीनं धरली.

"तुलाबी माझ्या सुरकुत्याच पायजेत?" मी म्हणाले.

ती रडली. मी समजूत काढली नाही. रडून झाल्यावर म्हणाली, "मग काय लिहू? आपल्याकडं दुसरं काय हाय?"

"त्या प्रयोगशाळेत दिवसभर काय करतीस?"

"पाणी तपासती. आपल्या बोअरचं. लेकरांचे दात पिवळे काहून पडतात ते."

"ते लिही."

"ते कुणाला आवडंल?"

"न आवडू दे. पण ते तुझं हाय. बापाचं मरण माझं हाय, ते मी कुणाला देत न्हाई. तुलाबी न्हाई."

तिनं पाण्याचंच लिहिलं. अर्ज गेले. नकार आले. एका ठिकाणी जागा मिळाली, पण शिष्यवृत्ती नाही. म्हणजे तोही नकारच, जरा गोड बोललेला.

गावात बातमी जायला वेळ लागत नाही. मालकीणबाई देवळाच्या पायरीवर भेटल्या. केस पांढरे झाले होते, गुडघा धरून बसल्या होत्या.

"ऐकलं गं, जमुनाचं जमलं न्हाई," त्या म्हणाल्या. "बरंच झालं म्हण. लांब धाडून काय सुख लागतंय? माझी तर चार वर्षं झाली, आली न्हाई."

मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. लेक येत नाही म्हणून रडायलासुद्धा आधी ती जावी लागते.

"औंदा परत अर्ज टाकायलीय," मी म्हणाले.

"अजून?"

"व्हय, अजून."

मी आता म्हातारी झाले. हेवा वाईट, मन जाळतो, असं देवळातले महाराज सांगतात. ज्यांच्या घरी सगळं आहे त्यांना ते सांगणं परवडतं. माझ्या हेव्यानं माझी पोर अर्ज करायला शिकली. तो मी विझू देणार नाही. नकार आला तर जमुना पुन्हा अर्ज करील, पुन्हा आला तर पुन्हा, आणि दरवेळी स्वतःच्या कामाचं लिहील. तांड्याचं दुःख विकून मिळणारी जागा आम्हाला नको. हे 'नको' आमचं.

आणि ज्या दिवशी ती तिथं पोचेल त्या दिवशी तिनं आधी गौरीताईचं घर शोधायचं. दार वाजवायचं. चहा-पाणी घ्यायचं नाही. तिच्या तोंडावर सांगायचं, मला तू शिकवलेलं नाहीस. आणि हेच पत्रात लिहून गौरीताईच्या कॉलेजलाही पाठवायचं, खाली स्वतःचं नाव घालून. मी जमुनाकडून तसं वचन घेतलंय. ते पुरं होईपर्यंत मला मरायला सवड नाही.